दगडफूल : एका नावात किती जीव?

गोडा मसाला घरी करायचा म्हटले की धने, तीळ, सुके खोबरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र यांच्या यादीत एक जिन्नस हमखास असतो, तो म्हणजे दगडफूल. राखाडी रंगाचे, वाळलेल्या पानासारखे, हातात घेतले तर कुरकुरणारे. कच्चे असताना त्याला फारसा वास नसतो. तेलात परतले की मात्र त्याचा खास दरवळ सुटतो. आपल्या स्वयंपाकघरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ते ‘शैलेय’ या नावाने येते. असे असूनही ही वस्तू नेमकी काय आहे, या प्रश्नाचे उत्तर मिळायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला आणि त्यासाठी शास्त्रज्ञांमध्ये काही दशके कडाक्याचे भांडण झाले. त्या भांडणाची ही हकीकत आहे.

प्रथम नावाबद्दल. दगडफूल हे फूल नव्हे, हे उघडच आहे. पण बाजारात येणारे बरेचसे दगडफूल दगडावरचेही नसते. ते हिमालयाच्या उतारांवरील झाडांच्या सालीवरून खरवडून काढलेले असते. तुकडा उलटा करून पाहिला तर पुष्कळदा सालीचे कण चिकटलेले दिसतात.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही सर्वांना घरच्या डब्यातले चिमूटभर दगडफूल आणायला सांगितले. सगळ्या पुड्या वर्तमानपत्रावर ओतल्या आणि भिंगाने पाहून सारखे तुकडे एकत्र ठेवायला सुरुवात केली. अर्ध्या तासात तीन ढीग झाले. एकात रुंद, गोलसर पाळ्यांचे पानासारखे तुकडे होते. दुसऱ्यात अरुंद, फितीसारखे, फाटे फुटलेले तुकडे होते. तिसऱ्या लहान ढिगात दोऱ्यासारखे गुंते होते. एक बाई म्हणाल्या, “सर, आम्ही इतकी वर्षे हे सगळे एकच समजत होतो.” दुकानदारही तसेच समजतो. या तीन ढिगांपैकी पहिला, रुंद पाळ्यांचा ढीग, हा आपला आजचा विषय आहे. त्यातले बहुतेक तुकडे ‘पार्मोट्रेमा’ या प्रजातीचे असतात.

ओळख

दगडफुलासारख्या जीवांना इंग्रजीत लायकेन आणि मराठी परिभाषेत ‘शैवाक’ म्हणतात. हा शब्द शैवाल या शब्दाच्या फार जवळचा असल्याने वाचताना घोटाळा होऊ शकतो, म्हणून येथे आपण लायकेन हाच शब्द वापरू. लायकेन तीन प्रकारचे दिसतात : खडकावर रंगाचा थर दिल्यासारखे चिकटलेले, पानासारखे, आणि झुडपासारखे किंवा लोंबणारे. पार्मोट्रेमा पानासारख्या गटातला आहे. त्याच्या पाळ्या रुंद व गोल असतात. वरची बाजू राखाडी असते. खालची बाजू मध्यभागी काळी असते व तिथे मुळांसारखे तंतू असतात, पण कडेला तपकिरी, गुळगुळीत, तंतू नसलेला एक रुंद पट्टा राहतो. पुष्कळ जातींत कडेवर पापणीच्या केसांसारखे काळे केस असतात. जगात या प्रजातीच्या अडीचशे ते तीनशे जाती मानल्या जातात. त्यांपैकी बहुतेक उष्ण प्रदेशांत आढळतात. महाबळेश्वरच्या परिसरात झाडांच्या खोडांवर जे मोठे राखाडी चट्टे दिसतात, त्यांतही या प्रजातीच्या जाती सापडतात.

एका पेटीत भरलेले ऐंशी जीव

स्वीडनच्या लिनीयसने १७५३ मध्ये वनस्पतींच्या जातींची जी मोठी यादी प्रसिद्ध केली, तीत लायकेनच्या सुमारे ८० जाती आहेत. त्या सर्व त्याने ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत कोंबल्या आणि ती प्रजाती शैवालांच्या गटात टाकली. फुलांच्या पुंकेसरांवरून वर्गीकरण करणाऱ्या लिनीयसला, ज्याला फूलच नाही अशा जीवात फारसा रस नव्हता. १७६२ मध्ये लंडनचा औषधविक्रेता विल्यम हडसन याने इंग्लंडच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात ‘लायकेन पर्लाटस’ अशी एक जाती नोंदवली. मसाल्यातल्या दगडफुलाला पुस्तकांतून सर्रास जे शास्त्रीय नाव दिलेले असते, ते पार्मोट्रेमा पर्लाटम (जुन्या पुस्तकांत पार्मेलिया पर्लाटा), हडसनच्या या जातीचे आहे.

लायकेनकडे मनापासून पाहणारा पहिला माणूस म्हणजे एरिक आखारियस. हा लिनीयसचा विद्यार्थी पेशाने वैद्य होता. १८०३ मध्ये त्याने लायकेनची अनेक प्रजातींत विभागणी केली. त्यांतली एक पार्मेलिया. पानासारखे पुष्कळसे लायकेन तिच्यात गेले. पुढे इटलीतील व्हेरोनाच्या आब्रामो मासालोंगो याने १८६० मध्ये, म्हणजे वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला त्याच साली, पार्मोट्रेमा हे नाव सुचवले. नावातील ‘ट्रेमा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ छिद्र. ज्या जातीवरून हे नाव बेतले, तिच्या वाटीसारख्या बीजुक-पात्राच्या मध्यभागी भोक असते. मात्र हे नाव जवळजवळ शंभर वर्षे कोणी फारसे वापरले नाही.

या सर्वांनी लायकेन म्हणजे एक वनस्पती, असे धरले होते. सूक्ष्मदर्शकाखाली आत हिरव्या गोल पेशी दिसत आणि रंगहीन तंतूही दिसत. हिरव्या पेशी हा लायकेनचाच एक अवयव असून त्या तंतूंपासून निपजतात, असे मानले जाई. त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

नायलँडरचे १८६६ साल

फिनलंडचा विल्यम नायलँडर (१८२२–१८९९) हा आपल्या काळातला लायकेनचा सर्वांत मोठा जाणकार होता. हेलसिंकी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद सोडून तो १८६३ मध्ये पॅरिसला गेला व तिथेच राहिला. जगभरातून त्याच्याकडे लायकेनचे नमुने येत.

१८६६ या एका वर्षात त्याने दोन महत्त्वाच्या गोष्टी जगापुढे मांडल्या. पहिली रासायनिक. लायकेनवर कॉस्टिक पोटॅशच्या किंवा ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचा थेंब टाकला, तर काही जातींत ठरावीक रंग उमटतो आणि दिसायला सारख्या असलेल्या जाती त्यावरून वेगळ्या करता येतात. दुसरी गोष्ट शहराच्या हवेची. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील झाडांवर त्याला असे कितीतरी लायकेन सापडले, जे शहरात इतरत्र दिसत नव्हते. उद्यानातली हवा शुद्ध असल्याची ती खूण आहे आणि लायकेन म्हणजे हवेचा आरोग्यमापकच होय, असे त्याने म्हटले. तीस वर्षांनी, १८९६ मध्ये, त्याच उद्यानातून लायकेन नाहीसे झाल्याची नोंदही त्यालाच करावी लागली.

आज लायकेनशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच दिवशी जे दोन धडे शिकतो, ते दोन्ही नायलँडरचे आहेत. एवढी नजर असलेल्या माणसाला तिसरी गोष्ट मात्र दिसली नाही.

१८६७ : घरात दुसराच कोणी

सप्टेंबर १८६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या निसर्गशास्त्र संस्थेच्या सभेत सायमन श्वेंडनर याने आपले निरीक्षण मांडले. अनेक वर्षे लायकेनचे काप तपासून तो एका निष्कर्षाला आला होता : आतल्या हिरव्या पेशी हा लायकेनचा अवयव नाही, ती स्वतंत्र शैवाले आहेत आणि तंतू हे कवक आहे. म्हणजे लायकेन नावाची एक वनस्पती नाहीच. ती दोन वेगवेगळ्या जीवांची वस्ती आहे. त्याने या नात्याचे वर्णन मालक आणि गुलाम असे केले. कवक हा मालक, तर पकडून आणलेली, त्याच्यासाठी राबणारी शैवाले हे गुलाम.

या विधानाने लायकेनचे जाणकार संतापले. नायलँडर त्यांत अग्रभागी होता. इंग्लंडमधील धर्मोपदेशक व लायकेन-अभ्यासक जेम्स क्रॉम्बी याने तर ही कल्पना म्हणजे जुलमी कवकाने कैदेत ठेवलेल्या शैवाल-कन्येची कादंबरी आहे, अशा अर्थाची टिंगल केली.

या विरोधाला केवळ हट्ट म्हणून सोडून देणे बरोबर होणार नाही. त्यांच्या बाजूने विचार करून पाहू. लायकेनला ठरावीक आकार असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्यात अशी रसायने असतात, जी सुट्या शैवालात दिसत नाहीत. दोन परके जीव एकत्र येऊन इतकी नेमकी घडण कशी करतील? शिवाय, एका नावाखाली दोन जीव असतील तर आयुष्यभर दिलेल्या हजारो नावांचे काय? प्रश्न खरे होते. उत्तर मात्र वादावादीने मिळणार नव्हते.

पुरावा

पुरावा प्रयोगांतून आला. १८७१ मध्ये माक्स रेस याने जर्मनीत एका लायकेनच्या कवकाची बीजुके नॉस्टॉक या नीलहरित शैवालावर पेरली. तंतू शैवालात शिरताना दिसले. १८७३ मध्ये एदुआर बोर्ने याने फ्रान्समध्ये अनेक प्रजाती तपासून दाखवले की, तंतू हिरव्या पेशींना बाहेरून वेढतात, त्यांच्यापासून हिरव्या पेशी निपजत नाहीत. १८७७ मध्ये एर्न्स्ट श्टाल याने एका लायकेनची बीजुके आणि शैवाल एकत्र वाढवून नवा लायकेन तयार केला. एखादी वस्तू सुटी करून पुन्हा जोडता आली की, ती कशाची बनली आहे याबद्दल शंका उरत नाही.

१८७८ मध्ये जर्मनीतील कासेल येथे आंटोन द बारी याने दोन भिन्न जीवांच्या एकत्र राहण्याला उद्देशून जे व्याख्यान दिले, त्यातून ‘सिंबायोसिस’ म्हणजे सहजीवन ही संज्ञा सर्वत्र रूढ झाली. द बारीने तिचा अर्थ फक्त ‘एकत्र राहणे’ एवढाच ठेवला होता. त्यात परजीवीपणाही बसत होता. दोघांचाही फायदा हा अर्थ आपल्या पाठ्यपुस्तकांत नंतर पक्का झाला.

नायलँडर १८९९ मध्ये वारला. श्वेंडनरचे म्हणणे त्याने अखेरपर्यंत मान्य केले नाही.

आता यातली विलक्षण गोष्ट पाहा. पार्मोट्रेमातले शैवाल ट्रेबॉक्सिया या प्रजातीचे असते. ते प्रकाशसंश्लेषणातून रायबिटॉल हे शर्करा-मद्य तयार करून कवकाला देते. त्या कार्बनवर कवक पोसले जाते व त्यातूनच लायकेनची खास आम्ले बनवते. नायलँडरच्या थेंबाखाली जो रंग उमटत होता, तो या आम्लांचा. आणि शहरात लायकेन का मरतो? त्याला मूळ नाही, पानावर असते तसे मेणाचे आवरण नाही. हवेत व पावसात जे असेल ते सगळे तो शोषून घेतो. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड आत जातो आणि सामान्यतः प्रथम शैवालाचे हरितद्रव्य बिघडवतो. कमावता गेला की पोसलेलाही जातो. म्हणजे नायलँडरच्या दोन्ही शोधांचा उलगडा त्याने नाकारलेल्या तिसऱ्या गोष्टीतूनच होतो. त्याचे हात ज्यावर पडले होते, तेच त्याला अखेरपर्यंत पटले नाही.

त्याच्या आरोग्यमापकाला पुढे आकडेही मिळाले. १९७० मध्ये हॉक्सवर्थ व रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी झाडांवरील लायकेनवरून हवेतील सल्फर डायऑक्साइडचा अंदाज करणारी, शून्य ते दहा अशी श्रेणी बनवली. शून्य म्हणजे लायकेनच नाही, दहा म्हणजे अगदी शुद्ध हवा. आपल्या ओळखीचे पार्मोट्रेमा पर्लाटम या श्रेणीत वरच्या, स्वच्छ हवेच्या टोकाकडे येते. पुढील दशकांत कोळशाचा धूर घटला आणि लंडन परिसरात कित्येक लायकेन पुन्हा दिसू लागले.

मग नाव कोणाचे?

एका वस्तूत दोन जीव, तर पार्मोट्रेमा हे नाव कोणाचे? १९५० मध्ये स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद भरली. तिच्यानंतरच्या नियमावलीत ठरले की, लायकेनला दिलेले नाव हे त्यातील कवकाचे नाव समजावे. शैवालाचे नाव वेगळे. नायलँडरच्या पिढीने दिलेली हजारो नावे अशा रीतीने वाचली, मात्र ती कवकाच्या खात्यावर जमा झाली.

मासालोंगोच्या विस्मृत नावाला १९७४ मध्ये अमेरिकेच्या मेसन हेल यांनी पुन्हा वापरात आणले आणि रुंद पाळ्यांच्या जाती अवाढव्य पार्मेलियातून वेगळ्या केल्या. आपल्याकडे लखनौचे डॉ. धरणीधर अवस्थी यांनी १९७६ मध्ये भारतातील या गटाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, डॉ. पी. जी. पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील लायकेन गोळा करून अभ्यासले. २००५ मध्ये डीएनएच्या आधारे आणखी काही लहान प्रजाती पार्मोट्रेमात विलीन झाल्या.

गोष्ट तिथेही संपली नाही. २०१६ मध्ये टोबी श्प्रिबिले व सहकाऱ्यांनी काही लायकेनच्या बाह्य थरात किण्वासारखे एक दुसरेच कवक दाखवले. सगळ्या लायकेनमध्ये असा तिसरा भागीदार असतो का व तो काय करतो, यावर चर्चा चालू आहे. ‘लायकेन म्हणजे शैवाल व कवक यांचे सहजीवन’ हे वाक्य वर्गात शिकवताना एवढा इतिहास पाठीशी असू द्यावा.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी लागणारे साहित्य वाण्याकडे मिळते. दगडफुलाचा रुंद तुकडा पाण्यात भिजवा. कोरडेपणी राखाडी असलेली वरची बाजू बहुधा हिरवट होऊ लागते, कारण ओले झाल्यावर वरचा थर पारदर्शक होतो व आतले शैवाल दिसते. ओला तुकडा गाजराच्या दोन कापांत धरून धारदार पात्याने उभे पातळ काप घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली क्रमाने दिसेल : वरचा घट्ट थर, त्याखाली हिरव्या गोल पेशींचा पट्टा, मग सैल पांढऱ्या तंतूंचा जाड थर आणि तळाशी काळा थर. श्वेंडनरने जे पाहिले, ते हेच. तुकडा फार जुना असेल तर हिरवा रंग फिका असेल, पण पेशी दिसतात.

नंतर नायलँडरचा थेंब. कोरड्या तुकड्याची वरची राखाडी त्वचा पात्याच्या टोकाने खरवडून पांढरा थर उघडा करा. त्यावर ब्लीचिंग पावडरच्या ताज्या द्रावणाचा बारीक थेंब काडीने ठेवा आणि लगेच पाहा. काही तुकड्यांत थेंबाखाली लाल रंग येतो व थोड्याच वेळात उडतो. रुंद पाळ्यांचा, वरून बारीक खुंटांसारखे कण असलेला तुकडा लाल झाला, तर तो पार्मोट्रेमा टिंक्टोरम असण्याची शक्यता बरीच आहे. त्यात लेकॅनोरिक आम्ल असते. ‘टिंक्टोरम’ म्हणजे रंगाऱ्यांचे. प्रयोगशाळेतला लिटमस ज्या रोसेला नावाच्या झुडपी लायकेनपासून काढत आले, त्यातही या आम्लाच्याच कुळातले पदार्थ असतात. पार्मोट्रेमा पर्लाटममध्ये हे आम्ल नसल्याने त्याचा पांढरा थर या थेंबाने लाल होत नाही. म्हणजे वाण्याने एकत्र केलेले एका थेंबाने वेगळे होते.

काळजी इतकीच घ्यावी, की द्रावण शिक्षकांनी हाताळावे, त्याच्याजवळ आम्ल नेऊ नये (क्लोरीन वायू सुटतो) आणि तपासलेले तुकडे परत मसाल्यात जाऊ देऊ नयेत.

वेगळे करायचे कशासाठी?

शिबिरातील एका शिक्षकांनी विचारले होते, “मसाल्यात सगळे सारखेच, मग इतकी चिकित्सा कशाला?” प्रश्न योग्य आहे. पानासारखा लायकेन वर्षाला काही मिलिमीटर वाढतो. तळहाताएवढा चट्टा होण्यास दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. तो खरवडायला काही क्षण पुरतात. शेतात त्याची लागवड होत नाही. बाजारात येणारे सगळे रानातून येते आणि गोळा करणारी कुटुंबे त्यावर चार पैसे मिळवतात, त्यामुळे ‘घेऊ नका’ म्हणून प्रश्न सुटत नाही. किती घ्यावे, कुठून घ्यावे, किती वर्षे जागा मोकळी ठेवावी, हे ठरवायचे असेल तर आधी काय घेतले जात आहे, ते कळायला हवे. पोत्यावर एकच नाव असले की, त्यातली एखादी जाती संपत आली तरी पोते भरलेलेच दिसते. दुसऱ्या जातींनी तिची जागा भरलेली असते.

म्हणून विद्यार्थ्यांना दोन कामे सांगावीत. पहिले, घरच्या डब्यातील दगडफुलाचे ढीग करून वहीत चित्रांसह नोंद करणे. दुसरे, शाळेच्या आसपासच्या झाडांवर पानासारखे लायकेन आहेत का ते पाहणे, एकाच चट्ट्याचे दरवर्षी त्याच महिन्यात, शेजारी मोजपट्टी धरून, छायाचित्र घेणे. नमुना हवाच असेल तर नखाएवढा पुरे. पाच वर्षांची अशी छायाचित्रे एखाद्या शाळेकडे जमली, तर आपल्या गावातला लायकेन वर्षाला किती वाढतो, हे त्या शाळेला स्वतःच्या मोजणीवरून सांगता येईल.